शब्दांतून समीकरणाकडे

माध्यमिक शाळेतील एखाद्या विद्यार्थ्यास फळ्यावर

६क्ष + ३०० = १०क्ष − १००

हे समीकरण लिहून दिले, तर तो ते बहुधा विनासायास सोडवितो. क्ष ची पदे एका बाजूस घ्यावयाची, नुसत्या संख्या दुसऱ्या बाजूस न्यावयाच्या, बाजू बदलताना चिन्ह पालटावयाचे; ४क्ष = ४००, म्हणून क्ष = १००. आता त्याच विद्यार्थ्यास पुढील उदाहरण घालावे. एका गृहस्थाजवळ सहा घोडे आणि तीनशे रुपये आहेत. दुसऱ्याजवळ दहा घोडे आहेत, परंतु त्याच्या डोक्यावर शंभर रुपयांचे ऋण आहे. सर्व घोडे सारख्याच किंमतीचे असून दोघांची मालमत्ता समान आहे. तर एका घोड्याची किंमत किती? येथे तोच विद्यार्थी थबकतो. सहा आणि दहा ह्यांची बेरीज करावी की वजाबाकी, तीनशेतून शंभर काढावेत की तीनशेत मिळवावेत, अशा विचारात तो पडतो. आणि कित्येकदा उदाहरण पुरते न वाचताच दिसतील त्या संख्यांवर काहीतरी क्रिया करून मोकळा होतो.

वास्तविक हे दोन प्रश्न वेगळे नाहीत. पहिल्या प्रश्नात जे काम कोणीतरी अगोदरच करून ठेवले होते, ते दुसऱ्यात विद्यार्थ्याने स्वतः करावयाचे आहे, एवढाच काय तो फरक. हे काम म्हणजे बोलण्याच्या भाषेतून गणिताच्या भाषेत जाण्याचे. समीकरण सोडविण्याचे नियम थोडे आणि ठरीव आहेत. ते यंत्रालाही शिकविता येतात. समीकरण मांडण्याचे काम तसे नाही. शाळेतील बहुतेक वेळ मात्र पहिल्यावरच खर्च होतो, आणि मग ‘शाब्दिक उदाहरणे मला जमत नाहीत’ असे म्हणणारी मुले वर्षानुवर्षे वरच्या वर्गात जात राहतात. ह्या पुस्तिकेत विचार करावयाचा आहे तो मांडणीचा.

अव्यक्ताला नाव देणे

घोड्यांचे उदाहरण नवे नाही. भास्कराचार्यांच्या ‘बीजगणित’ ह्या बाराव्या शतकातील ग्रंथात ते आले आहे. (मूळ ग्रंथात रुपयांऐवजी ‘रूप’ हा शब्द आहे, रूप म्हणजे एकक.) भास्कराचार्यांचा जन्म १११४ सालचा. त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केल्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे. म्हणजे ही उदाहरणे केवळ ग्रंथात पडून राहिली नव्हती. ती शिकविण्याची तरतूद आपल्याकडे जाणीवपूर्वक केली गेली होती.

जे माहीत नाही ते शोधावयाचे कसे, हा प्रश्न भास्कराचार्यांहूनही फार जुना आहे. इसवी सनापूर्वी १५५० च्या सुमारास ईजिप्तमधील आहमोस नावाच्या लेखनिकाने पपायरसच्या गुंडाळीवर उतरून घेतलेल्या उदाहरणांत एक असे आहे : एका राशीत तिचाच सातवा भाग मिळविला असता १९ होतात, ती रास कोणती? आहमोसजवळ क्ष नव्हता. त्याने रास ७ आहे असे धरले. सातात सातवा भाग मिळविला की ८ होतात. पाहिजेत १९, म्हणून ८ चे १९ होण्यास ज्याने गुणावे लागेल, त्यानेच ७ ला गुणावयाचे. उत्तर १६ पूर्णांक ५/८. आपल्या ‘लीलावती’त हीच युक्ती ‘इष्टकर्म’ ह्या नावाने आली आहे. आपल्या मनास येईल ती संख्या, म्हणजे ‘इष्ट’, धरावी, आणि मग प्रमाणाने खरी संख्या काढावी.

ही युक्ती सुंदर आहे, पण तिची मर्यादाही लवकर दिसते. घोड्याची किंमत १० रुपये धरून पाहा. पहिल्याची मालमत्ता ३६० रुपये होते, दुसऱ्याची शून्य. आता कशाला कशाने गुणावयाचे? दोन्ही बाजूंस घोड्यांशी संबंध नसलेले सुटे रुपये असल्यामुळे साधे प्रमाण चालत नाही. अशा वेळी जी संख्या अजून हाती आलेली नाही तिला एखादे नाव देऊन, ती हाती असल्याप्रमाणेच तिच्याशी व्यवहार करणे भाग पडते. बीजगणिताची सुरुवात ह्या ठिकाणी होते.

आर्यभटाने ४९९ सालच्या ‘आर्यभटीया’त अशा अज्ञात किंमतीच्या वस्तूस ‘गुलिका’ म्हटले आहे. ब्रह्मगुप्ताच्या ६२८ सालच्या ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्ता’त ‘अव्यक्त’ हा शब्द येतो, आणि एकाहून अधिक अव्यक्ते असल्यास त्यांस रंगांची नावे दिली जातात. भास्कराचार्यांच्या काळी पहिल्या अव्यक्ताचे नाव ‘यावत्-तावत्’, म्हणजे ‘जितके असेल तितके’, असे रूढ झालेले होते. पुढची अव्यक्ते कालक, नीलक, पीतक अशी. लिहिताना या, का, नी, पी एवढीच आद्याक्षरे लिहीत. घोड्यांच्या उदाहरणाची मांडणी दोन ओळींत होई :

या ६ रू ३००
या १० रू १००

दुसऱ्या ओळीतील १०० च्या डोक्यावर एक टिंब असे. ते ऋण संख्येची खूण होय. बरोबरीचे चिन्ह नाही. दोन पक्ष एकाखाली एक लिहिले की ते समान आहेत, हे वाचणाऱ्याने समजावयाचे. आज आपण लिहितो त्या दोन समांतर रेषांचे चिन्ह रॉबर्ट रेकॉर्ड ह्या ब्रिटिश गणितज्ञाने १५५७ साली छापलेल्या पुस्तकात प्रथम वापरले. त्याच्याही कितीतरी आधी, नवव्या शतकात बगदादमध्ये, अल्-ख्वारिज्मी ह्याने बीजगणितावरचा आपला प्रसिद्ध ग्रंथ एकही चिन्ह न वापरता, सर्वस्वी शब्दांत लिहिला होता. त्याचा मोठा भाग वारसाहक्काच्या वाटण्यांच्या उदाहरणांनीच व्यापला आहे. चिन्हे नंतर आली, विचार आधी आला. विद्यार्थ्याच्या मनातही हाच क्रम असावा; क्ष लिहिण्याची घाई त्याने करू नये.

अक्षर म्हणजे वस्तू नव्हे

क्ष हे कशाचे नाव आहे? ‘घोड्याचे’ असे उत्तर पुष्कळ विद्यार्थी देतात, आणि पुढील निम्म्या चुकांचे मूळ ह्या एका उत्तरात असते. क्ष हा घोडा नव्हे. क्ष ही संख्या आहे. एका घोड्याची किंमत रुपयांत मोजली असता जी संख्या येईल तिला आपण क्ष म्हटले आहे. म्हणून ६क्ष म्हणजे ‘सहा घोडे’ नव्हेत, तर सहा घोड्यांची किंमत.

हा भेद बारीक वाटेल. परंतु त्याकडे दुर्लक्ष केल्यास चांगले शिकलेले लोकही कसे फसतात, हे अमेरिकेतील एका प्रयोगाने दाखवून दिले आहे. जॉन क्लेमेंट, जॅक लॉकहेड व जॉर्ज मंक ह्यांनी तो वृत्तान्त १९८१ साली प्रसिद्ध केला. कलनशास्त्रापर्यंत पोहोचलेल्या सुमारे दीडशे महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना त्यांनी एकच साधा प्रश्न विचारला : एका विद्यापीठात प्राध्यापकांच्या सहापट विद्यार्थी आहेत, विद्यार्थ्यांच्या संख्येसाठी एक व प्राध्यापकांच्या संख्येसाठी दुसरे अक्षर वापरून हे समीकरणाने लिहा. ३७ टक्के विद्यार्थी चुकले. विद्यार्थ्यांची संख्या व आणि प्राध्यापकांची प मानली, तर चुकलेल्यांपैकी बहुतेकांनी

६व = प

असे लिहिले होते. ह्या समीकरणात आकडे घालून पाहा. प्राध्यापक १० असतील तर विद्यार्थी ६० हवेत. पण ६० ची सहापट ३६० होते, १० नव्हे. बरोबर समीकरण व = ६प हे आहे. ज्यांना अवघड समीकरणे सोडविता येत होती त्यांनी ही चूक केली, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

प्रयोग करणाऱ्यांनी विद्यार्थ्यांशी बोलून कारणे शोधली. एक कारण असे की, इंग्रजी वाक्यात ‘सहापट’, ‘विद्यार्थी’, ‘प्राध्यापक’ हे शब्द ह्याच क्रमाने येतात आणि विद्यार्थी डावीकडून उजवीकडे शब्दामागून शब्द उतरवीत गेले. दुसरे कारण अधिक खोल आहे. त्यांच्या डोळ्यांपुढे एका बाजूस सहा विद्यार्थ्यांचा घोळका आणि दुसऱ्या बाजूस एक प्राध्यापक असे चित्र उभे राहिले, आणि त्यांनी ते चित्रच कागदावर उतरविले. ‘६व’ म्हणजे त्यांच्या लेखी सहा विद्यार्थी. ‘प’ म्हणजे एक प्राध्यापक. आणि मधले चिन्ह म्हणजे ‘ह्यांच्या जोडीला हा’. पण समीकरणाचे चिन्ह जोडी दाखवीत नाही. दोन बाजूंच्या संख्या एकच आहेत असे ते सांगते.

मराठीत हे वाक्य आपण बहुधा ‘विद्यार्थ्यांची संख्या प्राध्यापकांच्या संख्येच्या सहापट आहे’ असे बोलतो. येथे शब्दांचा क्रम आपल्या बाजूचा आहे; डोळे झाकून उतरविले तरी व = प × ६ असेच येईल. ‘एका संख्येपेक्षा पाचने कमी’ हेही क्ष − ५ असे सरळ उतरते, तर इंग्रजीत पाच आधी आणि संख्या नंतर येत असल्यामुळे तेथील मुले ५ − क्ष लिहून बसतात. पण आपली भाषा आपल्याला नेहमीच असा आधार देईल, असे समजू नये. हीच गोष्ट ‘एका प्राध्यापकामागे सहा विद्यार्थी’ अशी सांगितली, तर १प = ६व असे लिहिण्याचा मोह कोणालाही होईल, आणि ते चूक आहे.

‘मागे’ ह्या शब्दाचा हा सापळा केवळ वर्गापुरता नाही. फवारणीच्या औषधाच्या बाटलीवर ‘एक लिटर पाण्यामागे दोन मिलिलिटर’ असे प्रमाण लिहिले आहे, असे समजा. शेतकऱ्याच्या पाठीवरील पंपात १५ लिटर पाणी मावते. पाण्याचे लिटर प आणि औषधाचे मिलिलिटर औ मानले, तर औ = २प, म्हणजे औषध ३० मिलिलिटर. शब्दांच्या क्रमाने प = २औ लिहिणारा साडेसात मिलिलिटर घालील; कीड मरणार नाही, आणि दोष औषधाला दिला जाईल. उलट्या जातीच्या चुकीने पीक जळूही शकेल.

मराठीत शब्दांची जागा बदलली तरी अर्थ बदलत नाही, कारण अर्थाचा भार विभक्तीच्या प्रत्ययांवर असतो. ‘वीस रुपयांतून पुस्तकाची किंमत वजा केली’ आणि ‘पुस्तकाची किंमत वीस रुपयांतून वजा केली’ ही दोन्ही वाक्ये २० − क्ष हेच सांगतात. ज्याला ‘तून’ लागले आहे ते आधी लिहावयाचे, मग ते वाक्यात कोठेही असो. त्याचप्रमाणे ‘पेक्षा’, ‘हून’, ‘च्या’ हे प्रत्यय व शब्दयोगी अव्यये कशाला जोडलेली आहेत, हे पाहून मांडणी करावी. शाब्दिक उदाहरण सोडविणाऱ्याने आधी व्याकरण सोडवावे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. आणि गणिताच्या शिक्षकाने भाषेच्या शिक्षकाशी ह्या बाबतीत मैत्री ठेवावी हे बरे.

पटीचे शब्द तर आपल्याकडे विपुल आहेत : निमपट, पाऊणपट, सव्वापट, दीडपट, अडीचपट. त्यांच्यामुळे अपूर्णांकांची मांडणी सोपी होते; दीडपट म्हणजे ३क्ष/२, पाऊणपट म्हणजे ३क्ष/४. मात्र ‘उत्पन्न दीडपटीने वाढले’ ह्या वाक्याचा अर्थ काय? उत्पन्न पूर्वीच्या दीडपट झाले, की पूर्वीच्या उत्पन्नात त्याच्या दीडपट भर पडली? पहिल्या अर्थी ३क्ष/२, दुसऱ्या अर्थी ५क्ष/२. बोलताना लोक पहिलाच अर्थ घेतात. परीक्षेचा प्रश्न काढणाऱ्याने ‘दीडपट झाले’ असे स्वच्छ लिहावे; विद्यार्थ्याच्या गणिताची परीक्षा घेताना स्वतःच्या मराठीची परीक्षा देऊ नये.

एकच राशी दोनदा सांगितलेली

समीकरण म्हणजे काय, ह्याचे एक साधे उत्तर असे देता येईल : एकाच संख्येचे दोन प्रकारे केलेले वर्णन. घोड्यांच्या उदाहरणात ती संख्या म्हणजे प्रत्येकाची मालमत्ता. पहिल्या गृहस्थाकडून पाहिले तर ती ६क्ष + ३००, दुसऱ्याकडून पाहिले तर १०क्ष − १००. म्हणून उदाहरण वाचल्यावर स्वतःला विचारावयाचा पहिला प्रश्न ‘क्ष कशाला मानू?’ हा नसून ‘येथे कोणती गोष्ट दोन वेळा सांगितली आहे?’ हा आहे. ती सापडली की समीकरणाचे चिन्ह कोठे बसवावयाचे हे कळते.

वयाचे एक उदाहरण घेऊ. वडिलांचे वय आज मुलाच्या वयाच्या चौपट आहे. वीस वर्षांनी ते दुप्पट असेल. मुलाचे आजचे वय क्ष वर्षे मानले, तर वडिलांचे ४क्ष. दोनदा सांगितलेली गोष्ट म्हणजे वीस वर्षांनंतरचे वडिलांचे वय. एकीकडून ते ४क्ष + २०. दुसरीकडून त्या वेळच्या मुलाच्या वयाची दुप्पट, म्हणजे २(क्ष + २०). ह्यावरून क्ष = १०; मुलगा दहा वर्षांचा, वडील चाळीस. घाई करणारा विद्यार्थी ४क्ष + २० = २क्ष असे लिहितो; वडिलांना वीस वर्षे वाढवितो, पण मुलाला आहे तेथेच ठेवतो. त्याचे उत्तर −१० येते. म्हणजे मुलगा अजून दहा वर्षांनी जन्मास यावयाचा आहे, आणि वडिलांचे वय उणे चाळीस!

ग्रीक गणितज्ञ डायोफँटस ह्याच्या आयुष्याविषयीचे कोडे ह्या दृष्टीने फार उद्बोधक आहे. ते एका जुन्या ग्रीक पद्यसंग्रहात आले आहे. त्याचा आशय असा : आयुष्याचा सहावा भाग बाल्यात गेला, आणखी बाराव्या भागानंतर दाढी फुटली, आणखी सातवा भाग लोटल्यावर विवाह झाला, त्यानंतर पाच वर्षांनी पुत्र झाला. पुत्र पित्याच्या आयुष्याच्या निम्मे जगला, आणि पुत्रानंतर पिता चार वर्षे जगला. येथे दोनदा सांगितलेली गोष्ट म्हणजे पित्याचे पूर्ण आयुष्य. एकदा क्ष ह्या नावाने, आणि एकदा तुकड्यातुकड्यांनी :

क्ष/६ + क्ष/१२ + क्ष/७ + ५ + क्ष/२ + ४ = क्ष

अपूर्णांकांची बेरीज ७५/८४ होते; उरलेले ९/८४ म्हणजे ९ वर्षे; म्हणून क्ष = ८४. पण ‘पित्याच्या आयुष्याच्या निम्मे’ ह्यातील आयुष्य कोणते? पित्याचे पूर्ण आयुष्य, की पुत्र वारला त्या वेळचे पित्याचे वय? दुसरा अर्थ घेतला तर क्ष/२ च्या जागी (क्ष − ४)/२ येते आणि उत्तर ६५ वर्षे ४ महिने निघते. दोन्ही समीकरणे निर्दोष सोडविलेली आहेत. मतभेद आहे तो केवळ एका शब्दाच्या अर्थाविषयी. पहिल्या अर्थाने आयुष्याचे सर्व भाग पूर्ण वर्षांत येतात, म्हणून ८४ हेच उत्तर सर्वमान्य झाले. गणिताने हा निवाडा दिलेला नाही. तो वाचणाऱ्याने केलेला आहे.

सर्वांचा भाग की शेषाचा भाग

‘लीलावती’त कमळांचे एक उदाहरण आहे. कमळांच्या राशीपैकी तिसरा भाग शंकरास, पाचवा विष्णूस, सहावा सूर्यास आणि चौथा देवीस वाहिला; उरलेली सहा कमळे गुरुचरणी अर्पण केली. येथे प्रत्येक भाग मूळच्या राशीचा आहे. सर्व भाग मिळून ५७/६० होतात, उरतात ३/६०, म्हणजेच विसावा भाग. तो सहा कमळांबरोबर आहे, म्हणून एकूण कमळे १२०.

त्याच ग्रंथात एका यात्रेकरूचेही उदाहरण आहे. त्याने जवळच्या धनापैकी निम्मे प्रयागास दिले. शेषाचे दोन नवमांश काशीस खर्च केले. जे उरले त्याचा चौथा भाग वाटेतील करात गेला. आणि पुन्हा उरलेल्याचे सहा दशांश गयेस गेले. त्रेसष्ट निष्क शिल्लक घेऊन तो घरी परतला. निघताना त्याच्याजवळ किती निष्क होते?

येथे सारे उदाहरण ‘शेष’ ह्या शब्दावर उभे आहे. प्रयागानंतर उरले क्ष/२. त्याचे ७/९ काशीनंतर. त्याचे ३/४ कर दिल्यावर. त्याचे ४/१० गयेनंतर. म्हणून

क्ष × १/२ × ७/९ × ३/४ × ४/१० = ६३

ह्यावरून क्ष = ५४०. पायरीपायरीने पाहिले तर २७० प्रयागास, ६० काशीस, साडेबावन्न करात, साडेचौऱ्याण्णव गयेस; शिल्लक ६३. आता ‘शेष’ हा शब्द नजरेआड करून कमळांप्रमाणेच हे उदाहरण मांडून पाहा. निम्मे, दोन नवमांश, चौथा भाग आणि सहा दशांश ह्यांची बेरीज २८३/१८० होते. म्हणजे यात्रेकरूने जवळ होते त्याच्या दीडपटीहून अधिक खर्च केला, आणि वर त्रेसष्ट निष्क शिल्लक आणले! असे उत्तर कागदावर आले की गुणाकार-भागाकार पुन्हा तपासण्यापेक्षा उदाहरणच पुन्हा वाचावे. आजची हप्त्यांची, सवलतींची आणि करांची बहुतेक उदाहरणे ह्या यात्रेकरूचीच भावंडे आहेत. आधी दहा टक्के आणि मग उरलेल्या किंमतीवर वीस टक्के सूट म्हणजे एकूण अठ्ठावीस टक्के होतात, तीस नव्हेत.

ताळा शब्दांशी

काढलेले उत्तर समीकरणात घालून दोन्ही बाजू सारख्या येतात की नाही हे पाहणे, ह्याला आपण ताळा म्हणतो. परंतु असा ताळा फक्त सोडविण्यातील चूक पकडतो, मांडण्यातील नव्हे. मघाचे −१० हे उत्तर ४क्ष + २० = २क्ष ह्या चुकीच्या समीकरणात घालून पाहा; दोन्ही बाजू −२० येतात आणि ताळा अगदी बरोबर जमतो. म्हणून उत्तर समीकरणाशी नव्हे, तर मूळच्या शब्दांशी ताडून पाहिले पाहिजे.

कधी मांडणी बिनचूक असूनही शब्दांकडे परतावेच लागते. ‘बीजगणिता’त वानरांच्या एका कळपाचे उदाहरण आहे. कळपाच्या पाचव्या भागातून तीन वजा करून जे येईल त्याच्या वर्गाइतके वानर गुहेत गेले, आणि एक झाडावर दिसत आहे. ह्याची उत्तरे दोन निघतात, ५० आणि ५. पन्नासांचा पाचवा भाग दहा, त्यातून तीन गेले सात, त्यांचा वर्ग एकोणपन्नास, आणि झाडावरचा एक, जमले. पाचांचा पाचवा भाग एक, एकातून तीन वजा केले तर उणे दोन, उणे दोनाचा वर्ग चार, आणि झाडावरचा एक, हेही जमले! पण एका वानरातून तीन वानर काढावयाचे कसे? ऋण राशी लोकांस पटत नाही, म्हणून दुसरे उत्तर घेऊ नये, असा अभिप्राय भास्कराचार्य देतात. समीकरणाला दोन्ही उत्तरे सारखीच; वानरांची माहिती असते ती उदाहरणाला.

शब्दांकडे परत न पाहण्याची सवय किती लहानपणी जडते, ह्याचा पुरावा फ्रान्समधील ग्रनोब्ल येथे मिळाला. तेथील गणित-शिक्षणाच्या संशोधकांनी १९८० च्या सुमारास प्राथमिक शाळेतील ९७ मुलांना विचारले : एका जहाजावर २६ मेंढ्या व १० शेळ्या आहेत, तर कप्तानाचे वय किती? ७६ मुलांनी दिलेल्या संख्यांवर काहीतरी क्रिया करून कप्तानाचे वय काढून दिले. सव्वीस आणि दहा मिळून छत्तीस हे कप्तानाला शोभेसे वय आहे, हे खरे! ही मुले मंदबुद्धीची नव्हती. गणिताच्या तासाला विचारलेल्या प्रश्नाला उत्तर असतेच, आणि ते दिलेल्या संख्यांतूनच निघते, हे त्यांना त्यांच्या शाळेनेच शिकविले होते. ‘एकूण’ दिसले की बेरीज, ‘उरले’ दिसले की वजाबाकी, अशी शब्दांची यादी पाठ करून घेण्याची पद्धत आपल्याकडेही आहे, आणि तिचा परिणाम ह्याहून निराळा होणे शक्य नाही. ‘खर्च करून रमेशजवळ आठ रुपये उरले; त्याने पाच रुपये खर्च केले होते; आरंभी किती होते?’ ह्या उदाहरणात ‘उरले’ हा शब्द आहे, आणि करावयाची आहे बेरीज.

अव्यक्त कोणते धरावे

आतापर्यंत जे विचारले आहे त्यालाच आपण क्ष मानीत आलो. बहुतेक वेळा तसेच करावे. पण तसे केलेच पाहिजे असा नियम नाही, आणि कुशल गणिती कित्येकदा वेगळी वाट धरतो. ‘बीजगणिता’तील दोन मित्रांचे उदाहरण पाहा. पहिला दुसऱ्यास म्हणतो, ‘मला शंभर दे, म्हणजे माझे धन तुझ्या दुप्पट होईल.’ दुसरा म्हणतो, ‘तूच मला दहा दे, म्हणजे माझे धन तुझ्या सहापट होईल.’ दोघांजवळ किती धन आहे?

येथील पहिली अडचण नेहमीची आहे : एकाने शंभर दिले की दुसऱ्याचे शंभर वाढतात, पण देणाऱ्याचे शंभर कमीही होतात. ‘दे’ ह्या एका शब्दात दोन क्रिया आहेत, आणि विद्यार्थी त्यांपैकी एकच लिहितो. दुसरी अडचण अशी की, अज्ञात राशी दोन दिसतात. दोन अक्षरे घेऊन दोन समीकरणे मांडता येतील. हल्ली शाळेत तसेच शिकवितात. भास्कराचार्यांनी मात्र एकाच अव्यक्तावर काम भागविले आहे. त्यांनी अव्यक्त असे निवडले की, पहिल्या मित्राचे म्हणणे आपोआपच खरे ठरावे. शंभर देऊन झाल्यावर दुसऱ्याजवळ जे उरेल ते क्ष माना; मग त्या वेळी पहिल्याजवळ २क्ष असणार. दिलेले शंभर परत फिरविले, की आरंभीची स्थिती मिळते : पहिल्याजवळ २क्ष − १००, दुसऱ्याजवळ क्ष + १००. पहिली अट अशा रीतीने मांडणीतच मुरून गेली. आता पहिला दहा देतो. त्याच्याजवळ २क्ष − ११० राहतात, दुसऱ्याजवळ क्ष + ११० होतात, आणि ही दुसरी राशी पहिलीच्या सहापट आहे :

क्ष + ११० = ६(२क्ष − ११०)

ह्यावरून ११क्ष = ७७०, म्हणजे क्ष = ७०. पण विचारलेले उत्तर ७० नव्हे, हे येथे विसरू नये. पहिल्याजवळ ४० आणि दुसऱ्याजवळ १७० होते. पहिल्यास शंभर मिळाले तर १४० आणि ७०, म्हणजे दुप्पट. दुसऱ्यास दहा मिळाले तर १८० आणि ३०, म्हणजे सहापट. हेच उदाहरण वाचकांनी दोन अक्षरे घेऊन, आणि नंतर दुसऱ्या मित्राची अट आधी मुरवून, अशा आणखी दोन रीतींनी मांडून पाहावे. तिन्ही वाटांनी गेले तरी ४० आणि १७० येथेच पोहोचले पाहिजे.